अलॉय, लोअरिंग की लिफ्ट किट : ॲडासचं कॅलिब्रेशन कधी लागतं आणि कुठून करून घ्यावं

ॲडास (कॅमेरा-रडारने रस्ता बघून ब्रेक, वेग आणि लेन सांभाळायला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला मोठी अलॉय घालायची किंवा स्प्रिंग बदलून ती खाली बसवायची म्हटलं की पुण्यात दोन उत्तरं ठरलेली असतात. चाकांचा दुकानदार म्हणतो, ‘बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून देतो, बाकी काही लागत नाही.’ सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर म्हणतो, ‘साहेब, आधी मूळ पार्ट लावून आणा, मग बघू.’ पहिल्याचं म्हणणं काही बदलांपुरतं खरं आहे, दुसऱ्याचं काहींपुरतं. म्हणून कॅलिब्रेशनचं, म्हणजे कॅमेरा-रडारची नजर पुन्हा जुळवून घेण्याचं, कोटेशन मागण्याआधी गाडीत नेमकं काय बदलणार आहे ते मोजून घ्या.

मोजमाप जुने पार्ट गाडीवर असतानाच घ्यायचं. चारही कोपऱ्यांत हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि चाकाचा व्यास त्यात मिसळतो, सस्पेन्शन किती उतरलं ते कळत नाही. टायरचा आकार वेगळा टिपा.

फक्त चाकं बदलणार असाल तर

रिमचा इंच महत्त्वाचा नाही, टायरसकट बाहेरचा व्यास महत्त्वाचा. क्रेटाच्या 17 इंची चाकावर 215/60 आर17 टायर येतो. त्याच्या जागी 18 इंचीचे तीन पर्याय दुकानात सर्रास सुचवले जातात. त्यांचा हिशेब असा:

| टायर | व्यास | फरक | काटा 100 दाखवतो तेव्हा जुन्या चाकाच्या तुलनेत खरा वेग |
|---|---|---|---|
| 215/60 आर17 | 690 मिमी | – | 100 |
| 235/50 आर18 | 692 मिमी | +0.3 टक्के | 100.3 |
| 225/55 आर18 | 705 मिमी | +2.2 टक्के | 102.2 |
| 235/55 आर18 | 716 मिमी | +3.8 टक्के | 103.8 |

पहिला पर्याय घेतला, रिमचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) मूळच्या जवळपास ठेवला आणि सस्पेन्शनला हात लावला नाही, तर कॅमेऱ्याची उंची जेमतेम एका मिलिमीटरने बदलते. इथे दुकानदार बरोबर. चारचाकी अलाइनमेंट, स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणं आणि टायरप्रेशरची यंत्रणा रिसेट करणं एवढं पुरतं. प्रत्येक चाकात वेगळा प्रेशर सेन्सर असेल तर तो जुन्या रिममधून काढून नव्यात बसवायला लावा. जुनी चाकं एक्स्चेंजमध्ये देण्याच्या घाईत हे हमखास राहून जातं.

शेवटच्या पर्यायात गाडी 13 मिमी उचलली जाते, पण खरी अडचण वेगाच्या मोजणीत आहे. गाडी स्वतःचा वेग चाकाच्या फेऱ्यांवरून काढते, रडार मात्र समोरच्या वस्तूचा सापेक्ष वेग थेट मोजतं. दोघांत 3.8 टक्क्यांची तफावत पडली की शंभराच्या वेगात रस्त्याकडेचा स्थिर खांबही हिशेबात ताशी 3.8 किमीने आपल्या दिशेने येत असतो. थोडीफार तफावत बऱ्याच यंत्रणा सांभाळून घेतात, पण त्यांच्या भरवशावर मुद्दाम मोठा टायर घालण्यात शहाणपण नाही. फरक 2 टक्क्यांच्या आत ठेवा, 3 म्हणजे हद्द झाली. आणि कॅमेऱ्याचं किंवा रडारचं कॅलिब्रेशन केल्याने टायरचा घेर गाडीला कळत नाही. त्यासाठी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) टायरचा आकार कोड करावा लागतो आणि तशी सोय त्या मॉडेलमध्ये असावी लागते. ‘कॅलिब्रेशन करून देतो, कुठलाही टायर चालेल’ असं कोणी म्हणालं तर दुसरं दुकान बघा.

ऑफसेटचं थोडक्यात: चाक फार बाहेर आलं की खड्ड्यात स्टिअरिंग हिसके मारतं आणि लेन धरून ठेवणारी मदत त्या हिसक्यांशी झगडत बसते. हा दोष कॅलिब्रेशनने जात नाही.

स्प्रिंग बदलणार असाल तर

इथे गणित वेगळं होतं, कारण उंचीपेक्षा कल जास्त घातक. समजा पुढून 30 मिमी आणि मागून 10 मिमी गाडी उतरली. दोन्हींतला फरक 20 मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) सुमारे 2,700 मिमी. म्हणजे गाडीचं नाक 0.42 अंशाने झुकलं. डोळ्याला हे कळतही नाही.

काचेवरचा कॅमेरा जमिनीपासून 1.3 मीटरवर धरला, तर सपाट रस्त्यावर 50 मीटर पुढची गाडी जिथे जमिनीला टेकते तो बिंदू त्याला क्षितिजाखाली साधारण 1.49 अंशांवर दिसायला हवा. नाक झुकल्यामुळे तो 1.07 अंशांवर दिसतो. एवढ्यावरूनच अंतर काढलं तर 50 चे 70 मीटर होतात, म्हणजे ब्रेक उशिरा लागणार. उलट नाक तेवढंच वर गेलं तर 50 चे 39 मीटर होतात आणि गाडी कारण नसताना ब्रेक मारते. खऱ्या यंत्रणा लेनच्या रेषा आणि समोरच्या गाडीची रुंदी वापरून यातला काही भाग स्वतः दुरुस्त करतात, पण त्यांच्या दुरुस्तीला मर्यादा आहे. शिवाय त्यासाठी रस्त्यावर रेषा दिसाव्या लागतात.

म्हणून लोअरिंग करायचंच असेल तर पुढे-मागे सारखं उतरवणारा संच घ्या, तोही 25 ते 30 मिमीच्या आतला. चारही कोपऱ्यांत उंची बदलता येणारे कॉइलओव्हर ॲडासच्या गाडीला नकोत असंच आमचं मत. रिंग दोन फेऱ्या फिरवली की आधीचं कॅलिब्रेशन बाद, आणि रिंग फिरवण्याचा मोह कोणाला आवरत नाही.

लिफ्ट किट किंवा स्प्रिंगवरचे स्पेसर ही याहून वाईट निवड. उंची वाढली की कॅमेरा, रडार, 360 अंशांचे कॅमेरे आणि हेडलाइट सगळ्यांचंच गणित हलतं. ठरावीक मर्यादेपुढे स्कॅनर कॅलिब्रेशन पूर्णच करत नाही, ‘अयशस्वी’ दाखवून थांबतो. उचललेल्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड लावायची हौसही बरोबर येते, आणि तो गार्ड नेमका रडारच्या तोंडावर बसतो.

रडारचा प्रश्न निराळा

होंडा सिटी आणि एलिव्हेट समोरचं सगळं काम एकट्या कॅमेऱ्यावर करतात. क्रेटा, एक्सयूव्ही 700, हॅरिअर यांच्या ॲडासवाल्या व्हेरिअंटमध्ये पुढे रडारही असतं. रडार आडव्या दिशेने एका अंशाने चुकलं तर 100 मीटरवर ते 1.75 मीटर बाजूला बघतं. आपली लेन साधारण 3.5 मीटरची. म्हणजे बरोब्बर अर्धी लेन, आणि शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असं गाडीला वाटायला तेवढं पुरे.

ही आडवी चूक बरेचदा रडारमधून येतच नाही, मागच्या ॲक्सलमधून येते. मागची चाकं जिकडे ढकलतात ती गाडीची खरी दिशा, तिला थ्रस्ट लाइन म्हणतात. ती गाडीच्या मध्यरेषेशी तिरपी असेल तर गाडी किंचित आडवी चालते आणि सरळ बसवलेलं रडारही बाजूला बघतं. एक्सयूव्ही 700 च्या मागच्या मल्टिलिंक सस्पेन्शनमध्ये टो (चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) दुरुस्त करता येतो. क्रेटाच्या मागच्या टॉर्शन बीमला तशी सोय नाही. तिथे थ्रस्ट अँगल, म्हणजे हा तिरपेपणा, आला तर आधी बीम आणि बुश तपासायचे. म्हणून अलाइनमेंट आधी, कॅलिब्रेशन नंतर. उलट क्रमाने केलं तर कॅलिब्रेशनचे पैसे पाण्यात.

तीन वाटा

*कंपनीचं सर्व्हिस सेंटर.* त्या मॉडेलचे नेमके टार्गेट बोर्ड (गाडीसमोर ठेवायचे खुणांचे फलक), ताजं सॉफ्टवेअर आणि वॉरंटीच्या नोंदीत पडणारी एंट्री हे इथले फायदे. तोटा एकच, पण मोठा: बोर्डची उंची आणि अंतर मूळ सस्पेन्शनसाठी ठरवलेलं असतं, त्यामुळे बदललेली गाडी ते नाकारू शकतात. हा आडमुठेपणा समजू नका. फक्त चाकं बदललेली आणि व्यास जुळवलेली गाडी असेल तर आमची पहिली पसंती इथेच.

*स्वतंत्र वर्कशॉप, स्टॅटिक, म्हणजे गाडी उभी ठेवून कॅलिब्रेशन.* अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारी फ्रेम, लेझर आणि बोर्ड असलेलं ठिकाण. लोअरिंग केलेल्या गाडीसाठी बहुधा हीच वाट उरते. काही युरोपीय गाड्यांत स्कॅनर स्वतःच चारही चाकांवरच्या कमानीची उंची विचारतो आणि त्यानुसार हिशेब बदलतो. तशी सोय असेल तर काम पक्कं होतं.

इथे स्कॅनर कुठल्या कंपनीचा हे विचारण्याआधी जमीन बघा. वर्कशॉपची फरशी धुण्यासाठी मोरीकडे उतरती केलेली असते. गाडी सपाट भागात उभी आणि समोरची चार मीटर जमीन शंभरास एक या प्रमाणात उतरती असेल, तर बोर्ड 4 सेंटिमीटर खाली जातो. ही झाली 0.57 अंशाची चूक. लोअरिंगने आलेला कल याहून कमी होता! लेझर लेव्हल लावून जमीन दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर गाडी तिथे लावू नका.

गाडी न्यायच्या आधी: चारही टायरमध्ये दारावरच्या स्टिकरवरची हवा, डिकी रिकामी, काच आतून-बाहेरून स्वच्छ, रडारसमोर फिल्म किंवा फॅन्सी जाळी नको. काम चालू असताना इग्निशन बराच वेळ चालू राहतं, म्हणून बॅटरीला चार्जर जोडलेला हवा. व्होल्टेज पडलं की प्रक्रिया मध्येच तुटते. बोर्डच्या मागे चमकणारं शटर किंवा उन्हाचा झोत असेल तर कॅमेरा बोर्ड ओळखत नाही.

*डायनॅमिक, म्हणजे रस्त्यावर चालवून.* स्कॅनर जोडून कंपनीने सांगितलेल्या वेगात, स्पष्ट रेषांच्या रस्त्यावर साधारण 15 ते 30 मिनिटं गाडी चालवायची आणि कॅमेऱ्याला शिकू द्यायचं. बोर्ड लागत नाहीत, त्यामुळे स्वस्त. पण ही निवड आपली नसते: कुठल्या मॉडेलला स्टॅटिक, कुठल्याला डायनॅमिक आणि कुठल्याला दोन्ही, हे निर्मात्याने ठरवलेलं असतं. ‘बोर्ड नाहीत, रस्त्यावरच करून देतो’ हे स्टॅटिक लागणाऱ्या गाडीला चालत नाही.

पुण्यात याला जागाही नीट निवडावी लागते. वारजे ते वाकड हा बायपासचा पट्टा गर्दीमुळे निरुपयोगी, वेग टिकतच नाही. किवळ्याहून द्रुतगती मार्गावर चढून उर्से टोलनाक्याच्या दिशेने गेलं की सरळ रस्ता आणि ठळक पट्टे मिळतात. घाटात हे करू नका. तिथे कारची मर्यादा 60 आहे आणि वळणांवर कॅमेऱ्याला लांबची रेषा मिळत नाही. जून ते सप्टेंबर ओल्या रस्त्यावर पट्टे चमकतात आणि काम अर्धवट राहतं, तेव्हा पावसाळ्यात कोरडी सकाळ गाठा. गाडीत दोघं हवेत, एक चालवायला आणि एक स्कॅनरवर.

निवड कशी करावी

व्यास जुळवून चाकं बदलली आणि अलाइनमेंटमध्ये काही वावगं नाही: वेगळं कॅलिब्रेशन नको, सेन्सर रिसेट पुरे. व्यास 2 टक्क्यांहून जास्त वाढला: कॅलिब्रेशनवर पैसे घालण्यापेक्षा टायर बदला. सारखं लोअरिंग: स्वतंत्र वर्कशॉपमध्ये स्टॅटिक, आणि मॉडेलला लागत असेल तर त्यावर डायनॅमिकही. पुढे-मागे असमान लोअरिंग: आधी उंची सारखी करा. लिफ्ट किट: ॲडास वापरायचं असेल तर लावू नका.

नव्या स्प्रिंग पहिल्या 300 ते 500 किमीत थोड्या बसतात. लावल्या दिवशीच कॅलिब्रेशन केलं तर ते स्प्रिंग बसण्याआधीच्या उंचीवर होतं. एकदा कोल्हापूरला जाऊन या, मग पुन्हा हबपासून उंची मोजा आणि तेव्हाच अलाइनमेंट-कॅलिब्रेशन करा. तोवर क्रूझ आणि लेनची मदत बंद ठेवा. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बऱ्याच गाड्यांत इग्निशनबरोबर पुन्हा चालू होते, तेव्हा ती दर वेळी बघावी लागेल.

काम झाल्यावर तीन कागद मागा: आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट, थ्रस्ट अँगल लिहिलेली अलाइनमेंट शीट, आणि स्कॅनर देत असेल तर रडारचा आडवा-उभा कोन. दिवसाउजेडी मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून बघा: वळणावर शेजारच्या लेनमधल्या गाडीसाठी वेग कमी होत असेल तर रडार किंवा स्टिअरिंग सेन्सर चुकलाय. ब्रेक लागतो का हे बघायला पुठ्ठ्याचे खोके उभे करू नका. पुठ्ठा रडारला जवळजवळ दिसतच नाही. 360 अंशांचा कॅमेरा असेल तर पार्किंगच्या पांढऱ्या रेषा स्क्रीनवर जोडाच्या जागी तुटतात का ते पाहा. तुटत असतील तर त्याचं कॅलिब्रेशन वेगळं, जमिनीवर नक्षीची चटई अंथरून होतं. उंची बदलल्यावर हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. कंपनी त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला जो टायर देते तोच निवडला तर वादाला जागा फारशी उरत नाही. विमा कंपनीला अलॉय आणि स्प्रिंग दोन्ही लेखी कळवा.

मूळ स्प्रिंग आणि चाकं विकू नका. गाडी विकताना किंवा वॉरंटीच्या कामासाठी ती परत लावावी लागली तर अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशन दोन्ही पुन्हा करावं लागतं, कारण यंत्रणेने मधल्या काळात उतरलेली उंचीच खरी धरलेली असते.