‘फॅक्टरी सी-सी’ म्हणून कापलेला यॉर्क ट्यूबा गळ्यात मारला : ७,७२५ डॉलर अक्कलखाती

आधी आकडे लिहून टाकतो. ट्यूबा (पितळी फुंकवाद्य, सगळ्यांत खालच्या स्वरांचं) ७,२००, ट्रकभाडं ३८५, नंतर दुरुस्तीवाल्याची तपासणी १४०. एकूण ७,७२५ डॉलर. माळ्यावर सापडलेलं वाद्य, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं, पैसे ऑनलाइन ‘मित्र-नातलग’ प्रकारात पाठवा म्हणजे कमिशन वाचेल... सगळं नेहमीचंच, उगाळत बसत नाही. त्या प्रकारात पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण नसतं हे मला माहीत होतं. तरी पाठवले.

भुललो ते कॅटलॉगच्या पानाला. सी-सी म्हणजे सी स्वराचा ट्यूबा; बी-बी-फ्लॅट त्याहून खालच्या स्वराचा, नळी जास्त लांब. नळी कापली की बी-बी-फ्लॅटचा सी होतो. ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीचे मूळचे सी-सी ट्यूबा म्हटलं की १९३०च्या दशकात फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासाठी बनवलेले दोन डोळ्यांसमोर येतात. ते आता शिकागो सिंफनीकडे आहेत. बाकी बाजारात ‘यॉर्क सी-सी’ म्हणून फिरणारे बरेचसे कापलेले बी-बी-फ्लॅट असतात. विकणाऱ्याने पाठवलेलं पान अस्सल होतं, पण उजवीकडून कापलेलं. मॉडेल नंबर होता, बेलचा (कर्ण्यासारख्या तोंडाचा) व्यास होता, वजन होतं. स्वर कोणता, तो रकानाच नव्हता. रात्री साडेअकराला ते पान मोठं करून बघितलं, कडेला अर्धवट तुटलेलं ‘बी’ दिसलं, आणि मी स्वतःला सांगितलं की स्कॅन वाकडा आलाय. त्याच क्षणी पूर्ण पान मागायला हवं होतं!

चित्र जुळलं म्हणजे वाद्य जुळलं असं नाही. कारखाने चित्राचा एकच ठसा (ब्लॉक) वर्षानुवर्षं छापत, त्यामुळे चित्रावरून साल ठरत नाही. ‘मॉन्स्टर’, ‘मॅमथ’ हे आकाराचे जाहिराती शब्द, मॉडेल नव्हे. आणि त्या काळच्या अमेरिकन कॅटलॉगांत ट्यूबाला बहुधा ‘बास’ म्हणत. जाहिरातदार ‘मॉन्स्टर ट्यूबा मॉडेल’ म्हणाला की तिथेच थांबा.

सिरियल नंबरने मला पुरतं गाफील केलं. तो व्हॉल्व्हच्या (बोटाने दाबायच्या झडपेच्या) नळकांड्यावर ठोकलेला असतो, म्हणजे वय कळलं तर व्हॉल्व्हच्या संचाचं. बेल एकाची, संच दुसऱ्याचा, असं जुळवायला डाख देणारा कारागीर आणि दोन दिवस पुरतात. बेलवरची नक्षी बेलपुरतीच खरी.

वाद्य दारात आलं आणि पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड (यू आकाराची, दोन पायांची सरकती नळी) उपसली. बी-बी-फ्लॅटचा सी करताना १८ फुटांची नळी १६ वर येते, तशी प्रत्येक व्हॉल्व्हची नळीही तोडावी लागते. पहिल्याची सुमारे साडेसात सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक पायातून पावणेचार. कारखान्यातल्या नळीचं टोक आतून घासून गुळगुळीत केलेलं असतं. इथे करवतीचे ताजे दात होते, एका पायाच्या टोकाला धातूचं बारीक कुसळही. ब्रेसची (नळ्यांना जोडणाऱ्या आधाराची) चकती जिथे पूर्वी बसायची तिथे बफिंगखाली बदामी आकाराची फिकट सावली. पितळ शब्दशः उघडं पडलं. दहा डॉलरचा नळीच्या आत घालायचा दिवा आणि स्लाइड बाहेर काढलेल्या फोटोची मागणी, एवढ्यात हे कळलं असतं.

कापलेला ट्यूबा वाईटच वाजतो असं नाही, काही तर झकास वाजतात. माझ्यात चौथ्या व्हॉल्व्हची नळी कापायची राहिली, त्यामुळे चौथ्याचे स्वर खाली घसरतात.

पोलिसांकडे गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “वस्तू मिळाली ना?” मिळाली. “मग हे दिवाणी.” ऑनलाइन फॉर्म भरला, वस्तूच्या यादीत ‘वाद्य’ नाही, म्हणून ‘इतर’. क्रमांक मिळाला, अकरा आठवडे झाले, पुढे सामसूम. बँक म्हणते, तुम्हीच पाठवलेत. जाहिरातीची साइट म्हणते, व्यवहार आमच्या बाहेर झाला. मी कॅटलॉगचं पूर्ण पान, नळीचे फोटो, मापं असं चौदा पानी टिपण जोडलं. एकानेही उघडल्याचं चिन्ह नाही. आणि विकणाऱ्याची जाहिरात अजून आहे, दुसऱ्या वाद्याची, त्याच माळ्याची.

आणखी एक. जुन्या वाद्यावर ‘एचपी’ की ‘एलपी’ ठोकलंय ते विचारा. एचपी म्हणजे चढा स्वर (हाय पिच), एलपी म्हणजे उतरा (लो पिच). एचपी आजच्या ४४० हर्ट्झशी जुळवताना नळी वाढवावी लागते. विकणारा “आठवत नाही” म्हणाला तर बहुधा एचपीच.

दुरुस्तीवाल्याने किंमत २,६०० सांगितली. मी विकायला काढलाय. जाहिरातीत लिहिलंय : कापलेला बी-बी-फ्लॅट, बेल यॉर्कची, व्हॉल्व्ह कुणाचे ते ठाऊक नाही, चौथी नळी लांब. कॅटलॉगचं पान जोडलंय, अख्खं.