जांभळी नाक्यावरचा नवसागर: एक पदार्थ, तीन नावे

आजीच्या दोन पितळी पातेल्यांना कल्हई करून घ्यायची होती. कल्हईवाल्याने नवसागर मलाच आणायला सांगितला, म्हणून ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेतील एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. तेथे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बरण्यांपैकी एकीवर ‘नवसागर’, तर दुसरीवर ‘नौसादर’ लिहिले होते आणि दोन्हींचे दरही निराळे होते. दुकानदार काकांनी दोन्ही बरण्या उघडून दाखवल्या. पदार्थ एकच होता, पहिल्या बरणीत खडे आणि दुसरीत भुकटी. पुडीवर तिसरेच नाव छापलेले होते, अमोनियम क्लोराईड.

ही तीन नावे समजून घेण्यासारखी आहेत. फारसीत नोशादर, हिंदीत नौसादर, धातू-क्षारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत, म्हणजे रसग्रंथांत, नवसार किंवा नरसार अशी रूपे आढळतात. मराठीत त्याचा नवसागर झाला, पण त्या सागराचा समुद्राशी काही संबंध नाही. अमोनियम हे नाव मात्र इजिप्तच्या अमुन देवाकडे जाते. सिवा येथील त्याच्या मंदिराच्या परिसरातील क्षाराला रोमन लोक ‘अमोनचे मीठ’ म्हणत. पुढे हेच नाव नवसागराला मिळाले आणि त्यापासून निघणाऱ्या उग्र वायूला स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांनी 1782 मध्ये अमोनिया म्हटले. वायूवरून क्षाराचे नाव पडले असावे, असे मी इतकी वर्षे धरून चालत होतो. प्रत्यक्षात आधी क्षाराला नाव मिळाले आणि वायूने ते त्याच्याकडून घेतले.

माल उत्तम निघाला. कल्हईवाल्याने तापलेल्या पातेल्यात चिमूटभर भुकटी टाकून कापसाने फिरवताच पांढरा धूर उठला आणि काळवंडलेले पितळ क्षणात उजळले. उष्णतेने या क्षारातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड सुटतात. त्यातले दुसरे धातूवरचा ऑक्साईडचा थर खाऊन टाकते, म्हणून वितळलेले कथील सर्वत्र सारखे बसते. हा धूर छातीत जाऊ नये यासाठी काम उघड्यावरच करावे.

तक्रार पुडीबद्दल आहे. पातळ पिशवीतल्या भुकटीला पावसाळी हवेत चार दिवसांत ओल सुटून तिचे गोळे झाले. दोन्ही बरण्यांवर तिन्ही नावे लिहिली, तर गिऱ्हाइकाचा गोंधळही टळेल. मी पुढच्या वेळी खडेच घेईन आणि घट्ट झाकणाची काचेची बाटली घरून नेईन.