पॉइंट टू-टूच्या नळीसाठी फेल्ट पेलेट: वर्षभराच्या वापरानंतर

गेले वर्षभर मी माझ्या पॉइंट टू-टू (.२२ इंची) रायफलची नळी व्हीएफजी या जर्मन कंपनीच्या फेल्ट पेलेटनी, म्हणजे नळीत घट्ट बसणाऱ्या दाबीव लोकरीच्या छोट्या बोळ्यांनी, साफ करत आहे. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेमबाजी) दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते आणि गोळीच ५.६ मिलिमीटरची; त्यामुळे नळीतला थोडासा फरकही थेट निशाणपत्रावर उमटतो.

यापूर्वी मी जोडाजोडीचा ॲल्युमिनियमचा रॉड वापरत असे, तोही नळीच्या तोंडाकडून. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती जागा म्हणजे तोंडाची कड. ती एका बाजूने घासली गेली, की मागून सुटणारा वायू गोळीला तिरका धक्का देतो. माझी कड तशीच खराब झाली आणि कारागिराकडून नव्याने कापून घ्यावी लागली. तेव्हापासून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून, चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची खात्री करून, रॉड सरळ ठेवणारा गाइड बसवून मागूनच रॉड घालतो. लेप दिलेल्या अखंड रॉडच्या टोकाला पेलेट फिरवून बसवायची, नळीचे तोंड किंचित खाली ठेवायचे म्हणजे सॉल्व्हंट (मळ विरघळवणारा द्रव) ट्रिगरमध्ये उतरत नाही, आणि पेलेट तोंडातून बाहेर आली की ती काढून मगच रॉड मागे ओढायचा. पहिली पेलेट काळी-करडी निघते, तिच्या कडेला शिशाचे बारीक चमकते कण दिसतात. चौथी-पाचवी बहुधा पांढरी येते. सुती चिंधीपेक्षा फेल्ट नळीच्या घेराला सर्व बाजूंनी सारखा चिकटतो, हा मला यातला सर्वांत मोठा गुण वाटतो.

उणीवही सांगायला हवी. चेंबरच्या लगेच पुढे दारूची काजळी आणि शिसे मिळून जे कडक कडे साचते, ते साध्या पेलेटने निघत नाही. तेवढ्या जागेपुरता सॉल्व्हंट मुरू देऊन कांस्याचा ब्रश मला आजही लागतो. तांब्यासाठीचे अमोनियायुक्त सॉल्व्हंट मात्र येथे निरर्थक आहे, कारण या गोळीवर तांब्याचे आवरणच नसते.

सफाईनंतर लगेच नेम सुधारेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. गोळीवरचे मेण किंवा ग्रीस नळीच्या पृष्ठभागावर पातळ थर धरते आणि कोरड्या नळीला तो थर पुन्हा जमवावा लागतो. माझ्या रायफलला त्यासाठी दहा-बारा गोळ्या लागतात. तोवर गोळ्या विखुरतात, नंतर ग्रुप, म्हणजे निशाणपत्रावरच्या छिद्रांचा पुंजका, आपोआप आवळतो. म्हणून मी स्पर्धेच्या आदल्या रात्री सफाई करत नाही, दोन दिवस आधी करतो आणि सरावात नळीतला थर पुन्हा जमवून घेतो. प्रत्येक सरावानंतर सफाई करण्याचा आग्रह मी सोडला आहे. साधारण ३०० ते ४०० गोळ्यांनंतर ग्रुप उघडू लागला, की तेव्हाच पेलेट हाती घेतो.

पावसाळ्यात हा हिशेब बदलतो. कोल्हापूरच्या जुलैमध्ये दोन दिवसही नळी तेलाविना ठेवणे गंजामुळे मला परवडत नाही, म्हणून सरावानंतर तेलाची एक पेलेट फिरवतो आणि पुढच्या वेळी गोळीबारापूर्वी दोन कोरड्या पेलेटनी तेल पुसून काढतो. वापरलेल्या पेलेट घरच्या कचऱ्यात न टाकता झाकणाच्या डब्यात वेगळ्या ठेवतो आणि हात साबणाने धुतो, कारण त्यांत शिसे असते.