ईव्ही चार्जर आहेच, आता बॅटरी घ्यावी की नेट मीटरवरच भागवावं?

नाशिकच्या गंगापूर रोडला बंगल्यावर ३ किलोवॅटचं सोलर, खाली पार्किंगमध्ये ईव्हीचा चार्जर. इथवर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बॅटरी बसवायची का?

नेट मीटर असेल तर दुपारी उरलेली वीज महावितरणच्या ग्रीडमध्ये जाते आणि तेवढे युनिट बिलात जमा होतात. रात्री गाडी लावली तरी तेच कामी येतात. पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदानही पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीवर नाही.

मात्र लाइट गेली की साधं ग्रीडवालं इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतं. लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रीड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं) असेल तर फ्रिज, पंखे, वायफाय चालू राहतात. घरात आजारी माणूस असेल, तर मी एवढ्यासाठीही बॅटरी घ्या म्हणेन.

गाडीचं गणित मात्र बसत नाही. ५ युनिटच्या बॅटरीवर ३.३ किलोवॅटचा चार्जर लावला तर दीड तासात ती रिकामी. तेवढ्यात त्र्यंबकला जेमतेम पोचाल, परतीचं काय? ७.२ किलोवॅटचा चार्जर तर लहान हायब्रिड इन्व्हर्टर उचलतच नाही.

त्यामुळे गाडी शक्यतो दुपारी, उन्हावरच चार्ज करा. बॅटरी घेतलीत तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची घ्या आणि चार्जर बॅकअपच्या, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या, लाइनवर घेऊ नका, हे इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा.