अंधांसाठीचा बुद्धिबळाचा पट: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

काळी घरं किंचित उंच, पांढरी खाली, प्रत्येक घरात भोक, प्रत्येक सोंगटीच्या बुडाला खुंटी आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बोटाला लागेल असं टिंब. असा पट कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. आमच्या लाकडी पटात हे सगळं आहे. मला लिहायचंय ते खुंटीबद्दल. जूनपासून गणपतीपर्यंत या खुंटीनं आमच्या संध्याकाळच्या वर्गाला सळो की पळो करून सोडलं, आणि विक्रेत्यानं त्यावर जे उत्तर दिलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

पट घेतला भाचीसाठी. ती आठवीत आहे, जन्मापासून दिसत नाही. मालवणात माझ्याकडे राहते आणि गावातल्या नेहमीच्या हायस्कुलात जाते. शाळा सुटली की वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिच्यासारखी आणखी काही मुलं जमतात. कुणाला अजिबात दिसत नाही, कुणाला थोडं दिसतं. शाळेत या मुलांचा अभ्यास बरा होतो, लेखनिक मिळतो, परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. खेळाच्या तासाला मात्र त्यांना कट्ट्यावर बसवून ठेवतात. शाळा सुटल्यावरही त्यांच्या वाट्याला पुन्हा अभ्यासच येतो: ब्रेल वाच, पाढे म्हण, अ‍ॅबॅकस घे. सगळं गरजेचं आहे, मान्य. पण तेरा वर्षांच्या पोरीला कुणाला तरी हरवावंसं वाटतं, आणि ती सोय कुणी करत नाही. म्हणून मे महिन्यात पट मागवला.

पहिले पंधरा दिवस मी खूश होते. सोंगट्या सुबक, घोड्याचं तोंड बोटाला लगेच कळणारं, वजीर आणि राजा यांत गोंधळ नाही. दृष्टिहीन खेळाडूंसाठी फिडेची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची, जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत पट किमान २० बाय २० सेंटिमीटर असावा असं म्हटलंय. आमचा त्याहून ऐसपैस आहे. भाची दुपारभर त्यावर बोटं फिरवत बसायची. किंमतही आवाक्यातली होती. या मुलांसाठीची यंत्रं, ब्रेलचं टंकयंत्र घ्या की आणखी काही, सामान्य घराला परवडत नाहीत. आमच्याकडे संगणकावर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं एनव्हीडीए चालतं तेही फुकट आहे म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या माणसानं २००६ साली ते सुरू केलं आणि आजही त्याला पैसे पडत नाहीत. त्यामुळे पैसे मोजून काही घ्यायचं तर ते वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे, असा माझा हट्ट असतो.

मिरग लागला आणि खुंट्या अडकायला लागल्या. आधी कडेच्या ओळीत, मग सगळीकडे.

डोळस माणसाला यात विशेष वाटणार नाही. सोंगटी घट्ट बसलीय तर जरा जोर लावून उपटा, एवढंच. पण अंध खेळाडू पट बोटांनी पाहतो. प्रत्येक चालीआधी त्याचे दोन्ही हात सगळ्या पटावरून फिरतात, सोंगट्यांना हात लागतोच. म्हणून डोळसांचा 'हात लावला की चालायचंच' हा नियम इथे वेगळा आहे: सोंगटी भोकातून बाहेर निघाली की मगच ती हाताळली असं धरतात. चाल पूर्ण होते तीही सोंगटी नव्या घरातल्या भोकात बसल्यावर आणि चाल मोठ्यानं सांगितल्यावर. म्हणजे या खेळाचा अख्खा कायदा त्या भोकावर आणि खुंटीवर उभा आहे. ती सहज निघाली पाहिजे, सहज बसली पाहिजे आणि बसल्यावर डगमगता कामा नये. बाकी सोंगट्यांची नक्षी वगैरे नंतरची गोष्ट.

जुलैतल्या एका संध्याकाळी भाची शेजारच्या वर्गातल्या एका डोळस मुलाशी खेळत होती. घोडा निघेना. तिनं जोर लावला, घोडा सुटला तो झटक्यात, पट उचलला गेला आणि सैल बसलेली प्यादी उडून जमिनीवर गेली. मुलानं गडबडीनं सगळं परत लावलं. तिनं बोटं फिरवली आणि म्हणाली, "हत्ती इथे नव्हता." मग पहिल्या चालीपासून एकेक चाल तोंडानं म्हणत तिनं डाव पुन्हा मांडला. तो मुलगा बघत राहिला, मी बघत राहिले. या एका गोष्टीसाठी पटाचे पैसे वसूल झाले असं मला त्या क्षणी वाटलं. पण तेच भोकात रुतलेल्या खुंटीमुळे घडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला फोन लावला.

उत्तर मिळालं: सात दिवसांत परत करायचा होता. मी सांगितलं की पट मेमध्ये आला, तेव्हा हवा कोरडी होती, दोष दिसणार कसा? मग म्हणाले, खोक्यावर लिहिलंय ना, ओलाव्यापासून दूर ठेवा. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ओलाव्यापासून दूर म्हणजे कुठे ठेवायचं? कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, पापड मऊ पडतात. आणि ती सूचना बारीक छापील अक्षरांत होती. अंधांसाठी म्हणून विकलेल्या वस्तूच्या खोक्यात ब्रेलची एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. हे त्यांना बोलून दाखवलं, तर नव्या पटावर दहा टक्के सूट देऊ केली. तोच पट, त्याच लाकडी खुंट्या. मी नाही म्हटलं.

इथपर्यंतचं सगळं श्रावणात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी पाचपैकी दीड तारा दिला होता. तेव्हा टाकलं नाही ते बरं झालं, कारण पुढे पट सुधारला आणि माझं मतही बदललं.

आमच्या वाडीतल्या सुतारकाकांना पट नेऊन दाखवला. त्यांनी एक प्यादं काढून खुंटी नखानं दाबली, भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "गे बाय, ह्यां लाकूड ओलां असतानाच भोकां पाडल्यानी." मग जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण असा पट घेणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. लाकूड दमट हवेत फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं. रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच. खुंटी उभ्या रेषांची असते, त्यामुळे ती चहूबाजूंनी जाड होते. पटाच्या फळीतलं भोक मात्र फक्त एका दिशेनं रुंदावतं, दुसऱ्या दिशेनं होतं तेवढंच राहतं. गोल खुंटी जाड झाली आणि भोक एकाच बाजूनं वाढलं, म्हणजे दुसऱ्या बाजूनं ती आवळली जाणारच. खुंटी घासून बारीक केली तर पावसाळ्यात चालेल, पण माघात लाकूड सुकलं की तीच सोंगटी डुलायला लागेल, आणि डुलणारी सोंगटी बोटाच्या धक्क्यानं पडते.

त्यांनी सुचवलं की लाकडी खुंट्या काढून पितळेच्या बसवू. लोखंडाच्या नकोत, खाऱ्या हवेत गंजून भोकातच बसतील. पितळ पाण्यानं फुगत नाही. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्यांच्या खुंट्या बदलल्या, भोकं एका मापानं साफ केली आणि आत मेण फिरवलं. सगळा खर्च नव्या पटाच्या पाव किमतीहून कमी आला. मी सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी लहानपणापासून पाहत आले आहे. आपल्या जिल्ह्यात लाकडाची एवढी जाण असताना आपल्या मुलांचा पट बाहेरून मागवून मग दुरुस्त करावा लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुरुस्तीनंतर पट भाद्रपदातल्या पावसात वापरला, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत वापरला. सोंगटी दोन बोटांत धरली की निघते, सोडली की बसते. तक्रार एकच, पितळ काळवंडतं आणि बोटांना वास लागतो. महिन्यातून एकदा आमसुलाच्या पाण्यानं खुंट्या घासून, कोरड्या पुसून परत लावतो. हे काम मुलंच करतात. त्यात सोंगट्या ओळखण्याचा सरावही होतो.

पॉलिशबद्दल मात्र विक्रेत्याला माफी नाही. आमच्यातल्या एका मुलाला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. यात आधी रातांधळेपणा येतो, मग कडेची नजर कमी होत जाते. समोरचं थोडं दिसत राहतं. तो बोटं आणि डोळे दोन्ही वापरतो. ट्यूबलाइटखाली हा चकचकीत पट त्याच्या डोळ्यांवर चमकतो आणि तपकिरी-पिवळट घरांतला फरक त्याला लागत नाही. काळी घरं खरोखर काळी, बाकीची फिकट पिवळी आणि वर चमक नाही, एवढं केलं असतं तर अंध आणि अल्पदृष्टी दोघांनाही एकच पट चालला असता. आम्ही बारीक पॉलिश पेपरनं चमक उतरवली. याच मुलामुळे डिसेंबरात वर्ग लवकर आटोपावा लागतो. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि त्यानंतर त्याला एकट्यानं घरची वाट दिसत नाही. शाळा सुटते पाचला. त्या महिन्यांत एक डाव जेमतेम होतो. संध्याकाळचे वर्ग आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता ज्यासाठी हा पट कुणीही घ्यावा असं मी म्हणेन ती गोष्ट. या खेळात चाल बोलून सांगावी लागते, समोरच्यानं ती परत म्हणायची असते. घरांची इंग्रजी अक्षरं बोलताना बी, सी, डी, ई, जी सगळी सारखीच वाटतात, त्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असला तर विचारूच नका. म्हणून त्या अक्षरांना जर्मन नावं दिलेली आहेत: अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. आमच्या खोलीत ही नावं आधी मुलांनी उचलली, मग त्यांच्याशी खेळायला येणाऱ्या डोळस मुलांनी. आता शाळेच्या वऱ्हांड्यात पटाशिवाय, नुसते तोंडी डाव चालतात. ज्या पोरीला खेळाच्या तासाला बसवून ठेवत, तिच्याशी मधल्या सुट्टीत खेळायला मुलं नंबर लावतात.

शालेय स्पर्धेत तिला उतरवलं तेव्हा पंचांना दोन पटांची पद्धत माहीत नव्हती. अंध आणि डोळस यांच्या डावात डोळस खेळाडू नेहमीचा पट घेऊ शकतो, अंध खेळाडू आपला. दोघं आपापल्या पटावर दोघांच्याही चाली करतात आणि दोन पटांवर फरक पडला तर लिहिलेल्या चाली ताडून पंच तो दुरुस्त करतात. आम्ही नियम छापून नेले होते. पंचांनी शांतपणे वाचले, घड्याळ कसं दाबायचं ते विचारलं आणि डाव लावला. ती पहिला डाव हरली, दुसरा जिंकली. बक्षीस मिळालं नाही. घरी येताना एसटीत ती पहिल्या डावाचीच चूक शोधत होती: हत्ती उघड्या ओळीत आधी का नेला नाही, एवढंच.

पुढे कुठे जाता येतं हेही तिला माहीत झालंय. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत बडोद्याच्या दर्पण इनानीनं अंधांच्या गटात जलद बुद्धिबळाचं सुवर्णपदक घेतलं. मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी उभी केलेली अखिल भारतीय अंध बुद्धिबळ संघटना देशभरातल्या अशा खेळाडूंच्या स्पर्धा भरवते. सरावासाठी भाची लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खेळते. तिथे दृष्टिहीनांसाठी वेगळी पद्धत आहे, चाल टाइप केली की समोरची चाल एनव्हीडीए वाचून दाखवतं, आणि तेही फुकट. मात्र पडद्यावरच्या डावाला बोटांखालचा पट लागतोच. ती चाल ऐकते, आपल्या पटावर लावते, मग विचार करते.

तारे आता चार देते. एक कापला तो पॉलिश आणि ब्रेलच्या चिठ्ठीसाठी. दुरुस्तीविना हाच पट कोकणात वापरायचा असेल तर माझा आकडा अजून दीडच आहे. मागवणार असाल तर विक्रेत्याला आधी विचारा की खुंट्या लाकडी की पितळी, आणि उत्तर लेखी घ्या. लाकडी असतील आणि दुसरा पर्याय नसेल तर पट पावसात मागवा, म्हणजे खुंट्या अडकतात का हे परत करायच्या मुदतीतच कळेल. जास्तीचे दोन वजीर आणि चार प्यादी सोबत मागून घ्या, देतात. आमचं एक पांढरं प्यादं त्या जुलैत उडालं ते अजून सापडलेलं नाही. त्याच्या जागी सुतारकाकांनी फणसाच्या लाकडाचं करून दिलंय आणि भाची ते बोटानं ओळखते.