ब्रेख्तचं नाटक की बोआलचं?

जर्मन नाटककार ब्रेख्त आणि ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल, दोघांनाही एकच गोष्ट खुपत होती: अन्याय बघून प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जाऊन निवांत झोपतो. ब्रेख्तचा उपाय म्हणजे ही तंद्रीच मोडायची. मध्येच गाणं, पुढे काय होणार ते आधीच सांगणारे फलक, उघडे दिवे. हे असंच घडायला हवं होतं का, हा प्रश्न पडावा म्हणून. पण युद्धावर धंदा करता करता मुलं गमावणाऱ्या आईचं त्याचं नाटक 'मदर करेज' बघताना १९४१ मध्ये झुरिकचे प्रेक्षक त्या आईसाठी हळहळलेच. त्याने काही प्रसंग बदलले, तरी १९४९ साली बर्लिनमध्ये पुन्हा तेच!

बोआलने थेट प्रेक्षकालाच उठवलं. त्याच्या 'फोरम थिएटर'मध्ये अन्यायाचा प्रसंग एकदा पूर्ण दाखवतात. दुसऱ्या खेपेला कुणीही 'थांबा' म्हणून पीडिताची जागा घेतो, वेगळं वागून पाहतो. जुलूम करणारं पात्रही तितक्याच ताकदीने उलटतं. खरी कसोटी तिथे. पुढे रिओचा नगरसेवक झाल्यावर त्याने याच पद्धतीने लोकांकडून कायद्यांच्या सूचना मिळवल्या.

मला बोआल जवळचा वाटतो. मात्र युद्धातून कमाई कोणाची होते, हे उलगडायला ब्रेख्तच लागतो. तिथे एखाद्या पात्राच्या जागी उभं राहून फारसं काही हलत नाही.