स्क्लेरल लेन्स : केराटोकोनसच्या डोळ्यांनी काही महिने वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते. दिसण्यासाठी दहापैकी नऊ गुण, सोयीसाठी फार तर पाच, आणि आजार थांबवण्यासाठी शून्य, कारण ते या लेन्सचं कामच नाही. हा तिसरा आकडा फारसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहिते.

माझ्या दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस आहे, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर पातळ होऊन पुढे येण्याचा आजार; डाव्याला जास्त. सुरुवात कॉलेजच्या वयात झाली, म्हणजे या आजाराच्या नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणेच. बहुधा तो किशोरवयात किंवा विशीत डोकं वर काढतो आणि चाळिशीच्या आसपास मंदावतो. दर तपासणीत सिलिंड्रिकल नंबर वाढलेला असायचा, नवी काच यायची आणि तरीही तक्त्यावरच्या खालच्या ओळी लागायच्या नाहीत. अक्षरं नुसती धूसर नव्हती, त्यांना सावल्या होत्या. एका ‘क’च्या मागे दोन फिकट ‘क’. रात्री दिव्यांना शेपट्या फुटायच्या. एक डोळा झाकला तरी हे तसंच राहायचं.

दोष कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराचा. मध्यभागी त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन असते, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. केराटोकोनसमध्ये तो पातळ होत जातो आणि तिथेच पुढे निघतो, बहुतेकदा मध्याच्या जरा खाली. साध्या सिलिंड्रिकल नंबरात वक्रता दोन काटकोनी दिशांना वेगळी असते आणि ती काचेत उतरवता येते. इथे वक्रता जागोजागी बदलते, मग काच कितीही महागाची घ्या. खरं निदान होतं ते टोपोग्राफीवर किंवा टोमोग्राफीवर, जिथे कॉर्नियाचा रंगीत नकाशा मिळतो. सर्वसाधारण कॉर्नियाची वक्रता 43-44 डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात तेच एकक) आसपास असते. माझ्या नकाशातला खालचा लाल डाग पाहून डॉक्टरांना फार बोलावं लागलं नाही.

लेन्सकडे वळण्याआधी दोन्ही डोळ्यांचं क्रॉस-लिंकिंग झालं होतं. यात कॉर्नियावरची वरची नाजूक त्वचा खरवडून काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे (हेच जीवनसत्त्व ब2) थेंब टाकतात आणि मग अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत तेही अर्धा तास, नव्या पद्धतींत कमी वेळ. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि तो ताठ होतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी माणसांवरच्या उपचाराचे पहिले निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध केले; अमेरिकेत मान्यता मिळायला 2016 उजाडलं. या मूळ पद्धतीसाठी कॉर्निया किमान 400 मायक्रॉन जाड लागतो, म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणण्यात अर्थ नाही. पहिले दोन-तीन दिवस डोळा चुरचुरतो, पाणी थांबत नाही, उजेड नकोसा होतो. पुढचे काही आठवडे तर आधीपेक्षाही वाईट दिसतं.

आणि मग घरचे विचारतात, ‘ऑपरेशन झालं ना, मग चष्मा का नाही गेला?’ कारण ते आजार आहे तिथे थोपवण्यासाठी होतं. नकाशातला डाग थोडा उतरला तर नशीब. दिसण्याची सोय वेगळी करावी लागते.

ती सोय म्हणून आधी लहान कडक लेन्स, आरजीपी, वापरून पाहिली. दिसायचं छान, पण ती थेट कॉर्नियाच्या पुढे आलेल्या टोकावर टेकते. वारा सुटला, धुळीचा कण आत गेला की जागच्या जागी उभं राहून डोळे पुसत बसायचं, आणि एखाद्या दिवशी ती उडून जमिनीवर. स्क्लेरल लेन्स मोठी असते, साधारण 15 ते 20 मिलिमीटर व्यासाची. ती कॉर्नियाला शिवतच नाही. कमान टाकावी तशी त्याच्यावरून जाते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. तो भाग कमी हुळहुळा, त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘घातली आहे ना?’ असं मला विचारावं लागलं. मधली जागा सलाईनने भरलेली असते. या द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.336 आणि कॉर्नियाचा 1.376, म्हणजे जवळपास सारखाच. त्यामुळे कॉर्नियाचे चढउतार प्रकाशाला जवळजवळ कळतच नाहीत. त्याला भेटतो तो लेन्सचा गुळगुळीत पुढचा पृष्ठभाग. सावल्या जातात त्या यामुळे. पहिल्यांदा घातल्यावर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाचा काटा आहे हे मला समजलं. कल्पना तशी जुनी आहे. 1888 मध्ये डोळ्यांचे डॉक्टर आडॉल्फ फिक यांनी काचेच्या अशा लेन्स करून पाहिल्या होत्या. पण काचेतून ऑक्सिजन जात नाही, आणि कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसल्याने तो प्राणवायू बराचसा हवेतूनच घेतो. आजच्या लेन्स ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या असतात.

आता सोयीचे गुण का कापले ते.

घालणं हाच एक कार्यक्रम आहे. लेन्स वाटीसारखी काठोकाठ सलाईनने भरायची, मान पूर्ण खाली वाकवायची, चेहरा जमिनीला समांतर, पापण्या दोन बोटांनी ताणायच्या आणि लेन्स खालून वर आणायची. मान जरा तिरकी झाली की द्रव सांडतो आणि आत हवेचा बुडबुडा राहतो. बुडबुडा असेल तर काढा, पुन्हा भरा. सलाईन प्रिझर्वेटिव्ह नसलेलंच हवं, कारण ते दिवसभर कॉर्नियाला लागून राहतं. काढायला छोटा रबरी प्लंजर मिळतो. तो ओला करून लेन्सच्या कडेजवळ लावायचा, मधोमध नाही. मधोमध ओढलं तर लेन्स आणखी घट्ट चिकटते. आणि लावण्यापूर्वी लेन्स डोळ्यात आहे याची खात्री हवीच. उघड्या कॉर्नियावर प्लंजर लावणं ही चेष्टा नव्हे.

पण खरा वैताग म्हणजे दुपारचं धुकं. सकाळी स्वच्छ दिसणारी लेन्स काही तासांनी आतून गढूळ होते, कारण अश्रूंमधला कचरा त्या द्रवात जमत जातो. लेन्स काढा, धुवा, नवं सलाईन भरा, पुन्हा मान खाली. डोळ्यावरच्या ॲलर्जीचा आणि पापण्यांच्या कडांच्या सुजेचा बंदोबस्त केल्यावर हे बरंच कमी झालं. फिटिंगचाही यात वाटा असतो. लेन्स घातल्यावर काही तासांत आत बसते, मधलं अंतर शंभरेक मायक्रॉनने कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टर काही तास थांबवून मग मोजतात. त्या दिवशी दुसरं काम ठरवू नये. डोळ्याचा पांढरा भाग सगळीकडे सारखा गोल नसतो, त्यामुळे माझ्या डाव्या लेन्सची कड एका बाजूला दाबत होती. कड बदलून आणल्यावर संध्याकाळची लाली गेली.

स्वच्छतेत मी कंजूषपणा करत नाही. नळाचं पाणी लेन्सला, डबीला किंवा प्लंजरलाही लावायचं नाही. त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग दृष्टी घेऊन जाऊ शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण उत्तम साफ करतं, पण ते त्याच्याच खास डबीत ठरलेला वेळ, सहसा 6 तास, निष्प्रभ होऊ द्यावं लागतं. घाईत तसंच डोळ्यात गेलं तर भाजतं. रात्री लेन्स घालून झोपायचं नाही. डोळा दुखला, लाल झाला, उजेड टोचू लागला तर लेन्स तत्काळ काढायची आणि त्याच दिवशी डोळा दाखवायचा.

माझी या लेन्सविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार मात्र तिच्या गुणाबद्दलच आहे. तिच्यातून इतकं चांगलं दिसतं की तपासणीची गरजच वाटेनाशी होते. आतला कॉर्निया पुढे सरकत असला तरी वरून सगळं छान. केराटोकोनस वाढतोय का ते नकाशाच सांगतो. वर्षभरात सर्वांत चढी वक्रता 1 डायॉप्टरने वाढली तर डॉक्टर कान टवकारतात. क्रॉस-लिंकिंग झालेल्यांनाही हे लागू आहे. आणि डोळे चोळण्याने आजार बळावतो, ती सवय सुटल्याशिवाय बाकीच्या खर्चाला अर्थ नाही. माझा हात अजूनही झोपेतून उठल्यावर डोळ्याकडे जातो, म्हणून ॲलर्जीचे थेंब उशाशी ठेवते. ते लेन्स घालायच्या आधी टाकायचे, लेन्सवर नाही.

कोणी घ्यावी? चष्म्याने भागत असेल तर घाई नको. कॉर्नियावर मध्यभागीच दाट व्रण असेल तर लेन्सने तेवढा फरक पडणार नाही, आणि कॉर्नियाच्या प्रत्यारोपणाचा विषय वेगळा. बाकीच्यांनी प्रत्यारोपणाला होकार देण्याआधी एकदा स्क्लेरल लेन्स घालून बघावी. जुना चष्मा टाकू नका, डोळ्याला विश्रांती द्यायच्या दिवशी तोच उपयोगी पडतो. टोपोग्राफीआधी किती दिवस लेन्स बंद ठेवायची हे तारीख घेतानाच विचारा, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकीचा येतो.